न दिसणारी कळ

अजिंठ्याचीं लेणीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पण तीं कोणत्या तालुक्यांत आहेत असें कोणीं विचारलें, तर उत्तर देणारे थोडेच निघतील. तीं सोयगांव तालुक्यांत आहेत. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचा औरंगाबाद जिल्हा, त्याच्या उत्तर अंगाला अजिंठ्याच्या डोंगरांशीं बिलगून हा तालुका पसरलेला आहे. पांचव्या शतकांत वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें; याच तालुक्यांत जंजाळ्याजवळचें घटोत्कच लेणेंहि त्यानेंच करविलें. त्या सोळाव्या लेण्यांतील एक चित्र जगप्रसिद्ध आहे. एक स्त्री मंचकावर बसली आहे, तिची मान कललेली, डोळे अर्धवट मिटलेले आहेत. पाठीमागून एक दासी तिला आधार देत आहे, दुसरी पंखा घालीत आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति करविल्या, आणि १८९६ सालीं त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांच्या लेखनामुळें हें चित्र ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नांवानें सर्वतोमुखीं झालें.

पुढें अभ्यासकांनीं भिंतीवरची कथा लावून पाहिली, तेव्हां असें दिसून आलें कीं ही स्त्री मरत नाहीं. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. नंदानें संन्यास घेतला, त्याचा मुकुट तेवढा घरीं परत आला, आणि तो पाहतांच तिला मूर्च्छा आली. वेदना सर्वांना दिसली. तिचें कारण मात्र पाहणाऱ्यांनीं आपल्या मनानें ठरविलें आणि तें चुकलें.

आज मला बोलावयाचें आहे तें चित्रकलेविषयीं नव्हे, तर एका विरळा दुखण्याविषयीं. त्या दुखण्याचा इतिहास हा अशाच चुकीच्या निदानांचा इतिहास आहे. फरक इतकाच कीं, चित्रांतल्या सुंदरीची वेदना निदान दिसते तरी, या रोग्यांची वेदना दिसतहि नाहीं.

असें समजा कीं, सोयगांवच्या पेठेंत पन्नाशी उलटलेली एक गृहिणी राहते. एके दिवशीं सकाळीं तोंड धुतांना तिच्या उजव्या गालांत एकाएकीं विजेचा लोळ शिरावा तशी कळ येते. किंकाळी तोंडांतून बाहेर पडते न पडते तों कळ गेलेली असते. जेमतेम कांहीं सेकंदांचें काम. मागें सूज नाहीं, ताप नाहीं, लाली नाहीं. दुपारीं भाकरीचा पहिला घांस चावतांना पुन्हां तोच प्रकार. मग चूळ भरतांना, पदरानें ओंठ पुसतांना, शेजारणीशीं बोलतांना, एवढेंच काय पण दार उघडल्यावर वाऱ्याची झुळूक गालाला लागली तरीहि. दोन कळांच्या मधल्या वेळांत बाई अगदीं धडधाकट दिसते. महिनाभरानें घरच्यांच्या लक्षांत येतें कीं ती कमी जेवते, कमी बोलते, हंसतां हंसतां मध्येंच थांबते आणि पुतळ्यासारखी निश्चल बसून राहते.

कळ जबड्यांत आहे, तेव्हां दाढच बिघडली असणार, असें सर्वांना वाटतें. दाढ निघते, कळ राहते. मग शेजारची दाढ निघते. तिसरीच्या वेळीं घरांतलेच लोक एकमेकांकडे पाहूं लागतात. कोणी म्हणतो बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणतो कामाचा कंटाळा आहे, कोणी दयाळूपणानें म्हणतो, ‘मनाला लावून घेतलें आहे कांहींतरी.’ ही बाई कल्पित आहे. पण तिच्यावर आलेला प्रसंग कल्पित नाहीं. निरोगी दांत व्यर्थ उपटले जाणें हें या दुखण्यांत जगभर वारंवार घडत आलेलें आहे, आणि आजहि घडतें.

या दुखण्याला आधुनिक वैद्यकांत ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ म्हणतात. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं पांचव्या जोडीवर चेहऱ्याच्या संवेदनेचें काम सोंपविलेलें आहे. हिच्या प्रत्येक तंतूला तीन शाखा फुटतात : एक कपाळ व डोळा यांकडे, दुसरी गाल व वरचा जबडा यांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. तंतूच्या मुळाशीं, तो मेंदूंत शिरतो त्या जागीं, बहुधा एकादी रक्तवाहिनी त्याला टेंकलेली असते. प्रत्येक ठोक्यासरशीं ती तंतूवर आघात करते, आणि वर्षानुवर्षांच्या आघातानें तंतूवरचें आवरण झिजतें. विजेच्या दोन तारांचें रबर झिजून त्या एकमेकींस चिकटल्या म्हणजे जसा भलत्याच ठिकाणीं प्रवाह जातो, तसेंच येथें घडतें. साध्या स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तारेवर चढतो. कांहीं थोड्या रोग्यांत मूळ कारण मेंदूच्या दुसऱ्या विकारांत किंवा गांठींत असतें. दर लाख लोकांमागें वर्षाकाठीं सुमारें ४ ते १३ माणसांना हें नव्यानें जडतें. त्यांत स्त्रिया अधिक, आणि वय बहुधा पन्नाशीच्या पुढचें. म्हणजे एकाद्या लहान गांवीं वर्षानुवर्षें असा रोगी निपजणारहि नाहीं. आणि निपजला, तर ‘अमक्याला हेंच झालें होतें’ असें सांगणारें माणूस त्याला भेटणार नाहीं. विरळ रोगाचें खरें दुःख हें एकटेपण आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. आपल्या प्राचीन वैद्यांनीं ‘अनंतवात’ नांवाचा एक शिरोरोग वर्णिला आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत त्याचीं लक्षणें येतात : मानेच्या मागून उठून डोळा, भिंवई आणि कानशील यांत ठाण मांडणारी तीव्र वेदना, गालाच्या बाजूला कंप, आणि हनुग्रह म्हणजे जबडा धरणें. आजचे पुष्कळ वैद्य हाच ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असें मानतात. सर्व लक्षणें नेमकीं जुळतात असें मी म्हणणार नाहीं. पण गालाचा कंप आणि धरलेला जबडा ज्यांनीं टिपून ठेवला, त्यांनीं अशा रोग्यासमोर बसून त्याला न्याहाळलें असलें पाहिजे, यांत शंका नाहीं. चरकानें उपवास आणि शोक यांची गणना या रोगाच्या कारणांत केली आहे. माझ्या मतें येथें कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव आहे. घांस चावण्याचें भय ज्याला वाटतें तो उपाशी राहणारच, आणि ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं तो शोक करणारच. उपचार म्हणून सुश्रुतानें शिरा वेधून रक्त काढावयास सांगितलें आहे, आणि आहारांत घृतपूरासारखीं तुपाचीं पक्वान्नें सुचविलीं आहेत. रक्त काढण्याचा गुण किती येत असेल तो असो. पण खाण्याच्या भीतीनें रोडावलेल्या माणसाच्या पोषणाची काळजी शास्त्रानें वाहिली, ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं.

युरोपांतील नोंदींपैकीं एक फार बोलकी नोंद जॉन लॉक या तत्त्वज्ञाची आहे. लॉक हा वैद्यहि होता हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १६७७ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें इंग्रज वकिलाच्या पत्नीला, नॉर्थंबरलंडच्या काउंटेसला, पाहण्यासाठीं त्याला बोलावण्यांत आलें. तिचे दांत त्यापूर्वींच व्यर्थ उपटले गेले होते. चेहऱ्याच्या एका बाजूला एकाएकीं आगीची ज्वाळा चमकावी तशी कळ येते, ती बोलण्यानें वा तोंड हलविण्यानें उठते, आणि मधल्या वेळांत बाईला कांहींहि होत नाहीं, हें सर्व लॉकनें आपल्या वैद्यमित्राला पत्रांतून कळविलें. रोगाचें नांव त्याला ठाऊक नव्हतें, औषधहि नव्हतें. रेचक देण्यापलीकडे त्याच्या हातीं फारसें नव्हतें. पण बाई काय सांगते तें त्यानें नीट ऐकलें आणि जसेंच्या तसें लिहून ठेवलें. साडेतीनशें वर्षांनंतर आजचा डॉक्टर तीं पत्रें वाचून क्षणांत निदान करूं शकतो, तें या ऐकण्यामुळें.

१७५६ सालीं निकोला आंद्रे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें या दुखण्याला ‘तिक दुलूरु’ म्हणजे ‘वेदनेचा झटका’ असें नांव दिलें, कारण कळ येतांच रोग्याचा चेहरा पिळवटून निघे. १७७३ सालीं लंडनचे जॉन फॉदरगिल यांनीं वैद्यांच्या सभेंत यावर निबंध वाचला, आणि हें दुखणें उतारवयाकडे झुकलेल्या माणसांना व विशेषेंकरून स्त्रियांना होतें, हें सांगितलें. नांव मिळाल्यानें रोग बरा होत नाहीं; परंतु ज्याला नांव आहे त्याला कोणी नुसता कांगावा म्हणूं शकत नाहीं.

तथापि नांव मिळालें तरी चेहऱ्याचा कोणता तंतु काय काम करतो हें कोणाला ठाऊक नव्हतें. शस्त्रवैद्य कधीं कधीं भलताच तंतु कापीत. कळ तशीच राही आणि चेहरा मात्र लुळा पडे. १८२१ पासून पुढें चार्लस बेल यांनीं आणि त्यांच्या समकालीनांनीं दाखवून दिलें कीं चेहरा हलविणारा तंतु सातवा आणि चेहऱ्याला जाणीव देणारा तंतु पांचवा. तेव्हांपासून ही भयंकर चूक थांबूं लागली.

या दुखण्यानें जगाला एक देणगीहि दिली आहे, आणि ती आपणां सर्वांच्या दंडाला कधीं ना कधीं टोंचलेली आहे. १८४४ सालीं डब्लिनच्या मीथ रुग्णालयांत ५९ वर्षांची एक स्त्री अशाच चेहऱ्याच्या कळांनीं हैराण होऊन आली. तेथील फ्रान्सिस रिंड यांनीं पोकळ नळीवाटे मॉर्फीनचें द्रावण तिच्या कातडीखालीं, तंतूंच्या जवळ, सोडलें. कातडीखालीं औषध घालण्याचा हा आद्य प्रयोग मानला जातो. पुढें १८५३ मध्यें पिचकारी आली आणि आजचें इंजेक्शन सिद्ध झालें. तान्ह्या मुलाला लस टोंचतांना आपण एका वृद्धेच्या वेदनेचें ऋण घेत असतों.

इकडे मुंबईंत १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. १८५१ सालीं बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. हेच भाऊ दाजी पुढें अजिंठ्याच्या शिलालेखांवर लिहिणारे विद्वान् म्हणून गाजले. सोयगांवच्या डोंगरांतील अक्षरें वाचणाऱ्या पहिल्या एतद्देशीय पंडितांत एक डॉक्टर होता हा योग मनोरम आहे. वैद्य म्हणून त्यांनीं कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठीं पुष्कळ परिश्रम केले. कुष्ठरोगाचा घाला विशेषेंकरून मज्जातंतूंवरच पडतो. पण त्यांत तंतु मुके होतात, भाजलेलें व कापलेलें कळत नाहीं, आणि म्हणून बोटें झडतात. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. कुष्ठरोगांत हा पहारेकरी झोंपी जातो. आपल्या आजच्या दुखण्यांत तो चोर नसतांनाच ‘चोर, चोर’ म्हणून ओरडत सुटतो. आश्चर्य असें कीं दोन्ही रोग्यांना समाजानें बहुधा एकच वागणूक दिली : त्यांचें म्हणणें ऐकलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शस्त्रवैद्यांनीं मोठें धाडस केलें. १८९० सालीं लंडनचे विल्यम रोझ यांनीं पांचव्या तंतूची कवटीच्या तळाशीं असलेली गांठच काढण्याचा प्रयत्न केला. अशा शस्त्रक्रियेंत प्रारंभीं पुष्कळ रोगी दगावत. १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील हार्वी कुशिंग यांनीं ती बरीच सुरक्षित केली. मात्र कळ गेली तरी अर्धा चेहरा कायमचा बधिर होई. रोगी तो सौदा आनंदानें पतकरीत, यावरून कळेची कल्पना यावी. मग १९३४ सालीं बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनीं लिहिलें कीं, मागच्या बाजूनें कवटी उघडून पाहिल्यावर कितीतरी रोग्यांत एकादी रक्तवाहिनी तंतूच्या मुळाला टेंकलेली दिसते, आणि हेंच दुखण्याचें कारण असावें. त्या वेळीं तें फारसें कोणाला पटलें नाहीं.

औषधाची वाट दुसऱ्या दिशेनें सांपडली. फ्रेंच वैद्य त्रूसो यांनीं एकोणिसाव्या शतकांतच ओळखलें होतें कीं ही कळ अपस्माराच्या झटक्यासारखी येते आणि जाते. त्या धाग्यावरून १९४२ मध्यें बर्गुइन्यों यांनीं अपस्मारावरील फेनिटॉइन हें औषध या रोग्यांना देऊन पाहिलें व गुण आला. १९५३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें वॉल्टर शिंडलर यांनीं कार्बामॅझेपिन हें द्रव्य तयार केलें, आणि १९६२ सालीं स्वीडनच्या सिग्फ्रिड ब्लोम यांनीं तें या कळेवर कमालीचें गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. आजहि पहिलें औषध तेंच. तें महाग नाहीं, आणि गांवोगांवच्या औषधांच्या दुकानांत मिळूं शकतें. त्यानें गुंगी येते, कोणाकोणाच्या रक्तांतील क्षार घटतात, क्वचित् अंगावर घातक पुरळ उठतें. म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें लागतें, आणि मनास येईल तेव्हां एकदम थांबवितां येत नाहीं.

डँडींचें म्हणणेंहि अखेर खरें ठरलें. १९६७ सालीं पीटर जॅनेटा या तरुण अमेरिकन शस्त्रवैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं ती रक्तवाहिनी पाहिली, तंतूपासून अलग केली आणि त्या दोहोंमध्यें एक मऊ गादी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तंतु कापावा लागत नाहीं, चेहरा बहुधा बधिर होत नाहीं, आणि पुष्कळांची कळ कित्येक वर्षें परत येत नाहीं. जॅनेटा यांनाहि आपल्याच व्यवसायबंधूंचा अविश्वास वर्षानुवर्षें सोसावा लागला. रोग्याच्या कपाळीं असलेली गोष्ट अशा रीतीनें त्याच्या वैद्याच्याहि कपाळीं आली!

आपल्या देशांत वेल्लोर येथें १९४९ सालीं डॉ. जेकब चँडी यांनीं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, आणि १९५१ सालीं न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईंत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्यांनीं या शास्त्राचा पाया घातला. आज या दुखण्यावरची शस्त्रक्रिया महाराष्ट्राच्या मोठ्या शहरांत होते. तरी सामान्य घरांत या रोगाचें नांव कोणाला ठाऊक नव्हतें. तें घरोघर पोंचविण्यास एक चित्रपट-नट कारण झाले. मुंबईचे सलमान खान यांनीं २०१७ सालीं जाहीरपणें सांगितलें कीं आपल्याला हें दुखणें होतें आणि त्यासाठीं २०११ सालीं अमेरिकेंत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पडद्यावर ज्याच्या बळाचें कौतुक होतें त्याच्याहि गालांत ही कळ उठूं शकते, हें ऐकून किती अज्ञात रोग्यांना प्रथमच वाटलें असेल कीं आपण वेडे नाहीं.

आतां प्रश्न उरतो तो आपला. पाश्चात्य देशांत या दुखण्याला एक भयंकर टोपणनांव पडलेलें आहे; तें मी येथें उच्चारीत नाहीं. पण त्यामागचा अर्थ असा कीं, कळेपेक्षां कळेची भीति आणि त्यांतलें एकटेपण माणसाला जिवावर उदार करतें. घरांतील माणूस असें कांहीं सुचवूं लागलें तर तें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये, त्याला एकटें सोडूं नये, आणि त्याच दिवशीं वैद्यकीय मदत मिळवावी. बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. कळ चेहऱ्याच्या एकाच बाजूला, विजेसारखी, क्षणभर टिकणारी आणि स्पर्शानें उठणारी असेल, तर निरोगी दांत काढूं देण्यापूर्वीं मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे जावें. सोयगांवसारख्या ठिकाणाहून अशा तज्ज्ञापर्यंतची वाट लांबची आहे, एक दिवसाची मजुरी बुडवणारी आहे. म्हणूनच निघतांना कळ केव्हां येते, कशानें येते, किती टिकते, हें एका कागदावर लिहून न्यावें. लॉकनें साडेतीनशें वर्षांपूर्वीं जें केलें, तें आज घरांतलें शाळकरी मूलहि करूं शकेल.

शेवटीं पुन्हां त्या सोळाव्या लेण्यांत जाऊं. सुंदरीच्या भोंवतीं जमलेल्या दासींना तिच्या दुःखावर उपाय ठाऊक नाहीं. तरी एकीनें तिला मागून सावरलें आहे, आणि दुसरी पंखा घालीत आहे. मूर्च्छित माणसाला वारा हवाच. पण आपल्या सोयगांवच्या गृहिणीला कोणी असाच प्रेमानें वारा घालूं लागलें, तर त्या झुळकेनेंच तिला कळ उठेल. प्रेम दोहींकडे सारखेंच. फरक फक्त विचारण्याचा. म्हणून घरांत असें माणूस असेल तर आधाराचा हात अवश्य द्यावा, आणि पंखा उचलण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : ‘वारा घालूं का?’ तिला बोलवत नसेल, तर मानेनें ती सांगेल. आपण तेवढें पाहावें, आणि तिनें सांगितलें तें खरें मानावें.